शंभरातले हाती किती उरतात? अपंगत्व आणि गरिबीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एका घरात श्रवणयंत्र पाहिलं होतं. डब्यात, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेलं. फुकट मिळालेलं. ज्या बाईंसाठी ते आलं होतं, त्यांनी सोबतचं बॅटऱ्यांचं पाकीट संपेपर्यंत वापरलं आणि मग ठेवून दिलं. श्रवणयंत्राची बटणाएवढी बॅटरी आठवडा-दोन आठवड्यांत संपते, हे यंत्र देताना कुणी सांगितलंच नव्हतं. दर महिन्याला त्यासाठी पैसे बाजूला काढणं त्या घराला जमणारं नव्हतं. वाटपाच्या नोंदवहीत मात्र त्या बाईंच्या नावापुढे बरोबरची खूण होती. ती खूण मीच केली होती.

तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की मी आधी खर्च विचारतो, मदतीचं नंतर बोलतो. हा लेख या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी आहे: स्वयंसेवक, समाजकार्याचे विद्यार्थी, किंवा नात्यातल्याच कुणासाठी धावपळ करणारे. भत्त्यांची नावं, रकमा, अर्जांचे नमुने देशागणिक बदलतात; ते तुमच्याकडच्या कार्यालयातूनच घ्यावे लागतील. कामाचा क्रम मात्र सहसा असाच राहतो.

१. आधी विचारायचं कसं ते शिका

दारात उभं राहून 'घरात कुणी अपंग आहे का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार. आतल्या खोलीत आजोबा भिंतीला हात लावत चालत असतात, पण 'त्यांचं वयामुळे आहे हो'. मुलगी बोलत नाही, पण 'ती जरा लाजाळू आहे'. अपंग हा शब्द ऐकला की माणसं दार लोटून घेतात.

याच अडचणीवर तोडगा म्हणून वॉशिंग्टन ग्रुप नावाच्या गटाने तयार केलेला सहा प्रश्नांचा संच वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१ पासून हा गट काम करतो. त्यांच्या प्रश्नांत 'अपंग' हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा जिने चढायला? लक्षात ठेवायला, लक्ष एकवटायला? अंघोळ, कपडे अशी स्वतःची कामं करायला? आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला, दुसऱ्याचं समजून घ्यायला? उत्तरं चारच: अजिबात त्रास नाही, थोडा, बराच, जमतच नाही. कुठल्याही एका प्रश्नाला 'बराच' किंवा 'जमतच नाही' असं उत्तर आलं की थांबा आणि खोलात जा. मानसिक आजार या सहा प्रश्नांतून अनेकदा निसटतात, हे मात्र ध्यानात असू द्या. झोप, भीती, घराबाहेर पडणं, याबद्दल वेगळं विचारावं लागतं.

प्रश्न त्या माणसालाच विचारा. खुर्ची ढकलणाऱ्याकडे बघून 'यांना सही करता येते का?' म्हणणारे कमी नाहीत, आणि त्यात अनुभवी मंडळीही असतात. समोरची व्यक्ती सावकाश बोलत असेल तर तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना सोबत सांकेतिक भाषेचा दुभाषी असला, तरी नजर त्या व्यक्तीकडेच ठेवा. शब्दांचं म्हणाल, तर अपंग, विकलांग, दिव्यांग यांवरून वाद आहेत आणि राहतील. समोरचा माणूस स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो वापरा.

२. खर्चाची वही

सगळं काम या वहीवर उभं राहतं, म्हणून इथे घाई नको.

साधी वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे कुणालाही येणारे खर्च. उजवीकडे फक्त ते, जे अपंगत्व नसतं तर झालेच नसते. पहिल्या बैठकीत उजवा रकाना जवळजवळ कोरा राहतो. लोक काही लपवत नसतात. खर्च इतका अंगवळणी पडलेला असतो की तो वेगळा दिसतच नाही.

मणक्याला मार बसून कमरेखालची हालचाल गेलेल्या एका तरुणाने मला सांगितलं, 'औषधं सोडली तर वेगळा असा खर्च नाही.' मग आम्ही त्याचा दिवस सकाळपासून लिहायला घेतला. लघवीसाठी नळी लागते, म्हणजे कॅथेटर आणि हातमोजे. चादरी रोज धुवाव्या लागतात, म्हणजे साबण आणि पाणी. चाकात अडकून बाह्या फाटतात. दवाखान्यात जायचं तर बसमध्ये चढता येत नाही, म्हणून भाड्याची गाडी. सोबत एक माणूस, म्हणजे त्याचा दिवस बुडाला. तळमजल्यावरच घर हवं, म्हणून भाडं चढं. बाहेर पडणं कमी, म्हणून सगळी कामं फोनवर. संध्याकाळपर्यंत उजव्या रकान्यात चौदा ओळी झाल्या होत्या. त्या बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'आणि घरचे मला म्हणतात की तू पैसे उडवतोस.'

तीन गोष्टी वहीत हमखास राहून जातात. पहिली, कधीतरीच येणारे मोठे खर्च: टायर, बॅटरी, कॅलिपरचे पट्टे, नवा चष्मा. वर्षाचा अंदाज घ्या, बाराने भागा आणि महिन्याच्या पानावर लिहा. दुसरी, टाळलेले खर्च. फिजिओथेरपी बंद केली असेल तर खर्च शून्य दिसतो, पण गरज शून्य नसते. तिच्यासाठी कंसात वेगळी नोंद ठेवा. तिसरी म्हणजे घरातल्या माणसाचे तास. आई, बहीण किंवा बायको दिवसाला किती तास देते, आणि त्यासाठी तिने कोणतं काम सोडलं? हे सहसा बाईच्याच वाट्याला येतं आणि हिशेबात कधीच येत नाही.

ही वही एवढी महत्त्वाची का, ते एका जुन्या हिशेबावरून कळेल. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी अपंगत्वाचे दोन फटके वेगळे करून दाखवले. एक, माणसाची कमाई कमी होते. दुसरा, तेवढ्याच कमाईत इतरांइतकं जगता येत नाही, कारण जास्तीचे खर्च मध्येच ते पैसे खाऊन टाकतात. ब्रिटनच्या आकडेवारीवर विबके कुक्लिस या संशोधिकेने हे मोजलं. एकूण लोकसंख्येत दारिद्र्यरेषेखाली १७.९ टक्के माणसं होती. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण २३.१ टक्के निघालं. हा जास्तीचा खर्च हिशेबात धरल्यावर मात्र तेच प्रमाण ४७.४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे नुसतं उत्पन्न विचारून उठलात, तर निम्म्याहून जास्त गरिबी तुमच्या नजरेतून सुटली. उत्पन्नाचा दाखला बघून 'तुम्ही मर्यादेच्या वर आहात' असं सांगणारी खिडकी नेमकी इथे चुकते.

३. कागदांची पिशवी

वही झाली की कागद. इथे खरी गंमत... गंमत म्हणजे वैताग. ओळखीचा पुरावा, राहण्याचा पुरावा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, या सगळ्यांवरचं नाव एकसारखं आहे का ते आधी तपासा. एका अक्षराच्या फरकापायी वर्ष गेलेलं मी पाहिलंय. ओळखीचे कागद नीट झाल्यावरच अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला हात घाला, आणि ते हाती आल्यावर भत्त्यांचे अर्ज. उलट क्रमाने गेलात तर हेलपाटे वाढतात.

तपासणीला जाताना माणसं एक चूक करतात, आणि ती स्वाभिमानातून होते. डॉक्टर विचारतात, 'चालता येतं का?' माणूस म्हणतो, 'हो, येतं की.' त्याच्या मनात असतो महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस, आणि घरातल्या घरात भिंत धरून टाकलेली दहा पावलं. कागदावर मात्र नुसतं 'चालू शकतो' उमटतं. म्हणून आदल्या दिवशी बसून वाईट दिवसाचं खरंखुरं वर्णन लिहून काढा. किती पावलांनंतर थांबावं लागतं, नंतर किती वेळ पडून राहावं लागतं, आठवड्यात असे दिवस किती, पडण्याचे प्रसंग किती. काहीही फुगवायचं नाही, पण झाकायचंही नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीतही आजाराच्या नावाबरोबर रोजचं काय जमत नाही ते आलं पाहिजे. एकाच आजाराची दोन माणसं अगदी वेगळी जगत असतात.

दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा आणि अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला अपील करता येत नाही. अपिलाची मुदत बहुतेक ठिकाणी छोटी असते, म्हणून नकाराचं पत्र ज्या दिवशी हाती आलं, तो दिवस वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पहिला नकार मिळाला की बरेच जण तिथेच सोडून देतात.

४. साधन द्यायचं तर पुढचंही बघायचं

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात २५० कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत किमान एका सहायक साधनाची गरज आहे, आणि त्यांतल्या जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही. त्यामुळे साधन मिळवून देणं मोठंच काम आहे. पण ते अर्धंच आहे.

व्हीलचेअरचं बघा. चालता न येणाऱ्या माणसाला कुठलीही व्हीलचेअर दिली की काम झालं, असं समजू नका. बसण्याची जागा फार रुंद असली तर माणूस एका बाजूला कलतो, पाठ वाकडी होते. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला साध्या ताणलेल्या कापडावर बसवलं, तर काही दिवसांत बेडसोर होऊ शकतो आणि त्याला ते दुखतही नाही. एक चिघळलेली जखम घराला कर्जात ढकलायला पुरते. म्हणून खुर्चीइतकीच उशीची चौकशी करा. प्रशिक्षित माणूस उशी कशी तपासतो ते एकदा बघून ठेवा. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या परवानगीने तो बुडाच्या हाडाखाली, उशीच्या वर बोटांची टोकं सरकवतो. बोटं थोडी वर-खाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर सावध. चिमटल्यासारखी अडकली तर ती उशी त्या माणसाला चालणार नाही. सोबत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून भार हलका करायची सवय लागते. ती घरच्यांनाही शिकवा.

मग टेप काढा. घरातला सगळ्यात अरुंद दरवाजा मोजा, दार उघडं ठेवून, कारण उघडलेलं दारही जागा खातं. खुर्ची मोजताना हाताने फिरवायच्या कड्यांच्या बाहेरच्या कडेपासून मोजा. उताराचा सर्वसाधारण नियम एकास बारा: पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार १८० सेंटिमीटर लांब हवा. एवढी जागा नसते, म्हणून लोक घसरगुंडीसारखा उतार बांधतात. तो फोटोत छान दिसतो, पण त्यावरून एकट्याने वर जाता येत नाही.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. पंक्चर कोण काढणार, सुटा भाग कुठे मिळणार, बॅटऱ्यांचे पैसे कुठून? याचं उत्तर वहीत लिहिता येत नसेल, तर साधन देणाऱ्या संस्थेशी तेच आधी बोला.

५. माणसाचे तास

साधनाने भागत नाही तिथे माणूस लागतो, आणि तो कायम आईच असावी असा काही नियम नाही. स्वीडनमध्ये १९९४ पासून लागू असलेल्या कायद्याने मोठी गरज असलेल्या व्यक्तींना वैयक्तिक मदतनिसाचा हक्क दिला. मदतनीस कोण, कधी यायचं, कोणतं काम करायचं, हे ती व्यक्ती ठरवू शकते. असा कायदा तुमच्याकडे नसला तरी मोजणी करता येते. आठवड्याचा तक्ता मांडा: उठवणं, शौच, अंघोळ, खाणं, कूस बदलणं, बाहेर नेणं. प्रत्येकापुढे मिनिटं लिहा. रात्री दोनदा उठावं लागतं हेही लिहा. 'खूप करावं लागतं' या वाक्यावर कुठलंच कार्यालय हलत नाही. 'आठवड्याला ४६ तास' यावर निदान प्रश्न विचारतं.

काळजी घेणाऱ्या बाईला एकदा एकटीला गाठून विचारा, शेवटची सलग झोप कधी झाली. विश्रांतीसाठी पर्यायी माणूस मिळवणं ही चैन नाही. ती कोसळली तर अख्खी व्यवस्थाच कोसळते.

६. नोकरीचं गणित आधी कागदावर

नोकरी लागली की गरिबी संपली, असं सरळ नसतं. समजा महिन्याला १०० भत्ता मिळतोय. नोकरीचे ६० मिळू लागले आणि त्यामुळे मर्यादा ओलांडून भत्ता बंद झाला. नोकरीला जायच्या गाडीला २० लागतात. हातात राहिले ४०. म्हणजे कामाला जाऊन माणूस ६० ने गरीब झाला. अशा माणसाला आळशी म्हणणं सोपं आहे. त्याने हिशेब आपल्याआधी केलेला असतो. म्हणून नोकरीचं पत्र स्वीकारण्याआधी कार्यालयाला लेखी विचारा: भत्ता कधी, किती कमी होणार, नोकरी सुटली तर पुन्हा सुरू व्हायला किती दिवस, औषधोपचाराची सवलत राहणार का.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत जरा कडवट आहे. वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या शिकवून 'अजून तयार नाही' म्हणत राहणारी केंद्रं खूप झाली. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात उलटा क्रम लावला: आधी खरी, पगाराची नोकरी, आणि शिकवणं व पाठबळ ती नोकरी चालू असताना. पुढच्या अनेक तुलनात्मक अभ्यासांत 'आधी तयार करू, मग पाठवू' या पद्धतीपेक्षा हीच सरस ठरली. मालकाशी बोलताना 'संधी द्या' एवढ्यावर थांबू नका. वाजवी सोयी नेमक्या मागा: कामाची वेळ तासभर पुढे, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, सूचना तोंडी न देता लेखी, टेबल दोन बोटं उंच. यांतल्या बऱ्याच सोयींना फारसा पैसा लागत नाही.

७. पैसा कुणाच्या हातात येतो

हे विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा. भत्ता खात्यात जमा होतो, कार्ड भावाकडे असतं. कधी ती निव्वळ सोय असते, कधी नसते. व्यक्तीशी एकट्याने बोला: शेवटचे पैसे स्वतःच्या मनाने कशावर खर्च केले? उत्तर आठवत नसेल तर पुढे जा, पण हळू. तुम्ही निघून गेल्यावर तिला त्याच घरात राहायचं असतं. 'त्याला कळत नाही' म्हणून सगळे निर्णय काढून घेण्याऐवजी निर्णयाला मदत करायची. रक्कम चित्रांनी दाखवा, पर्याय दोनच ठेवा, वेळ द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराचं १२ वं कलम हेच सांगतं.

८. एका वहीच्या वीस वह्या

सहा-आठ महिन्यांत तुमच्याकडे पंधरा-वीस वह्या जमतील. आता त्या घेऊन धोरण ठरवणाऱ्यांकडे जायचं, पण एकट्याने नाही. अपंग व्यक्तींनी स्वतः चालवलेली संघटना शोधा आणि बोलणं त्यांना करू द्या. अमेरिकेतल्या बर्कलीत १९७२ मध्ये एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी उभं केलेलं केंद्र व्हीलचेअर दुरुस्त करायचं, मदतनिसांची यादी ठेवायचं, भत्त्यांबद्दल सल्ला द्यायचं. रॉबर्ट्स यांना पोलिओनंतर रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुस नावाच्या यंत्रात झोपावं लागे. काय लागतं हे त्या मंडळींना सर्वेक्षण करून शोधावं लागलं नाही.

मागणी एका पानात बसवा. उत्पन्नाचा आधार आणि अपंगत्वाचा जास्तीचा खर्च यांचे भत्ते वेगळे असावेत, आणि नोकरी लागली तरी दुसरा बंद होऊ नये. पगार मिळू लागला म्हणून कॅथेटर स्वस्त होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच कराराचं २८ वं कलम जोडा. गरिबीत राहणाऱ्या अपंग व्यक्तींना आणि त्यांच्या कुटुंबांना अपंगत्वामुळे होणाऱ्या खर्चासाठी सरकारने मदत करावी, असं त्यात स्पष्ट आहे. करार १३ डिसेंबर २००६ ला संमत झाला आणि ३ मे २००८ पासून लागू आहे. तुमच्या देशाने त्याला मान्यता दिली आहे का, ते आधी बघून घ्या. सोबत तीन-चार वह्यांची पानं जोडा, नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून, आणि प्रत्येकाची परवानगी घेऊन. अधिकाऱ्याने टक्केवारी कितीदा तरी पाहिलेली असते. 'चादरी, रोज' ही ओळ त्याने पाहिलेली नसते.

बैठक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, असा निरोप आला तर बैठक खाली घ्यायला सांगा. आणि निवेदन दिलं की त्याचीही पोच घ्या.